शिर्डीच्या मशिदीतलं मांजर कोणत्या जातीचं होतं?

पहिल्यांदा मांजर पाळायचं ठरलं की आजकाल पहिला प्रश्न एकच असतो. कुठली ब्रीड घ्यायची? इन्स्टावर रील बघून पर्शियन आवडलेलं असतं, मित्राकडे सियामी असतं, कुणीतरी मेन कूनचा फोटो पाठवतं. मग दुकानात गेलं की डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असे शब्द कानावर पडतात आणि चेहरा जितका चपटा तितकी किंमत वाढत जाते. या सगळ्यात दाराशी रोज येऊन बसणारं गल्लीतलं मांजर मात्र यादीत नसतं.

नगर जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आयुष्यात मांजरं, कुत्री, शेळ्या, घोडा, इतकंच काय, वाघसुद्धा आला. यातल्या एकाचीही निवड त्यांनी रूप किंवा जात बघून केली नाही. ते म्हणजे शिर्डीचे साईबाबा. बाबांचे चमत्कार सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या अवतीभवती वावरणाऱ्या जनावरांची गोष्ट मात्र तुकड्यातुकड्यांनी सांगितली जाते. ती सलग वाचली तर पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्याला बरंच काही सापडतं.

सुरुवातच एका घोडीपासून होते.

बाबांचा जन्म कुठला, आईवडील कोण, यावर वाद घालणारे आजही कमी नाहीत. त्यात न शिरलेलं बरं. गावात सांगतात ते असं, की सोळा वर्षांचा एक पोरगा शिर्डीत कडुलिंबाखाली येऊन बसला, काही काळ राहिला आणि एक दिवस निघून गेला. आज जिथे गुरुस्थान आहे तीच ही जागा. पुढची गोष्ट औरंगाबाद जिल्ह्यातल्या धूपखेड्याच्या चांद पाटलांची. त्यांची घोडी हरवली होती. दोन महिने शोधूनही मिळेना, तेव्हा खोगीर पाठीवर टाकून ते परत निघाले. वाटेत आंब्याखाली एक फकीर बसलेला. फकिराने त्यांना चिलीम ओढायला बोलावलं, खोगिराची चौकशी केली आणि जवळच्या ओढ्याकडे बघून यायला सांगितलं. घोडी तिथेच चरत होती.

चांद पाटील त्या फकिराला घरी घेऊन गेले. त्यांच्या नात्यातल्या एका मुलाचं लग्न शिर्डीत ठरलं होतं. त्या वऱ्हाडासोबत फकीर शिर्डीला आला. खंडोबाच्या देवळापाशी गाड्या सुटल्या, म्हाळसापतींनी या तरुणाला साई म्हणून हाक मारली आणि तेच नाव पडलं. वऱ्हाड परत गेलं, साई राहिले ते कायमचे.

तेव्हाची शिर्डी म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं एक छोटं गाव. बाबांनी मुक्काम केला तो एका पडक्या मशिदीत. तिलाच पुढे ते द्वारकामाई म्हणू लागले. भिंती मातीच्या, समोर धुनी, रात्री पणत्या. पोटाची सोय भिक्षेवर. गावातली ठरलेली चार-पाच घरं ते मागायचे. एका खांद्यावर झोळी, हातात टमरेल. भाजी, आमटी, ताक, दूध जे पातळ मिळेल ते टमरेलात, भाकरी आणि भात झोळीत. वेगळी चव ठेवायची नाही, सगळं एकत्र.

आणि आता मांजर येतं.

भिक्षा मागून आल्यावर बाबा ते सगळं मशिदीत ठेवलेल्या एका मातीच्या भांड्यात ओतायचे. त्या भांड्याला कोळंबा म्हणतात. कोळंब्याला झाकण नव्हतं, राखण नव्हती. मांजर येऊन तोंड घालायचं, कुत्रं खायचं, कावळे उचलून न्यायचे. मशीद झाडणारी बाई त्यातल्या भाकऱ्या घरी न्यायची, तिलाही कुणी अडवायचं नाही. उरेल ते बाबा खायचे. बाबांचं ओवीबद्ध चरित्र लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, 1910 साली पहिल्यांदा शिर्डीला आले. त्यांच्या श्रीसाईसच्चरितात या कोळंब्याचं वर्णन आहे, आणि बाबांनी मांजरा-कुत्र्याला कधी स्वप्नातही हाकललं नाही असं ते आवर्जून नोंदवतात.

ही मांजरं कुठल्या जातीची होती? गावातली. आज आपण ज्यांना देशी म्हणतो तीच. आखूड केसांची, सडपातळ, लांब पायांची. काळी, पांढरी, पट्टेरी, तांबूस, ठिपक्यांची. कुणी त्यांचं प्रदर्शन भरवलं नाही की वंशावळीचा कागद केला नाही. पण नगर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळीशीच्या पुढे जातो तेव्हा सावलीचा कोपरा शोधून निवांत पडून राहणं त्यांना जमतं. पर्शियनचं तसं नाही. अंगभर दाट लांब केस, त्यात चपट्या नाकामुळे श्वासाची वाट अरुंद, डोळ्यांतून सतत पाणी. रोज विंचरलं नाही तर केसांच्या गाठी होतात, आणि स्वतःला चाटताना पोटात गेलेल्या केसांचे गोळे मांजर ओकून काढतं. ज्याला हे सगळं करायचंय, ज्याच्या घरात उन्हाळ्यात थंडावा ठेवता येतो, त्याने पर्शियन जरूर पाळावं. पण पहिल्याच मांजराला हे झेपेल का, हे आधी स्वतःला विचारावं. चेहरा जितका चपटा तितकी किंमत जास्त, आणि बहुतेक वेळा पुढचा त्रासही जास्त, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

कोळंब्याच्या मांजरांबद्दल आणखी एक गोष्ट. बाबांनी त्यांना पकडून आणलं नव्हतं, ती स्वतः आली होती. मांजराचा आणि माणसाचा सगळा इतिहासच असा आहे. साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. ते माणसाला सोसवलं, माणसाने त्याला सोसलं आणि ते राहून गेलं. गाय, शेळी, घोडा यांना माणसाने वेसण, दावं, लगाम घातला. मांजर मात्र आपल्या सोयीने आलं. पर्शियन, सियामी वगैरे ठरवून केलेल्या जाती हा खूप अलीकडचा प्रकार. त्यातल्या बहुतेक जाती तर गेल्या दीडशे वर्षांतल्या.

मशिदीत मांजराला मोकळीक होती, याचा अर्थ गावात सगळ्यांना ती मान्य होती असं नाही. हंसराजची गोष्ट त्यासाठीच सांगायला हवी.

हंसराज हे दम्याने बेजार झालेले गृहस्थ. पत्नीला घेऊन ते शिर्डीला येऊन राहिले होते. बाबांनी त्यांना आंबट खायचं नाही, दही तर नाहीच, असं बजावलं होतं. पण जिभेला कोण समजावणार? दही त्यांना रोज हवंच असायचं. पत्नी दूध विरजून ठेवायची, दोघं दुपारच्या आरतीला जायची. आणि नेमकं तेवढ्या वेळात एक मांजर घरात शिरून दही फस्त करायचं. एक दिवस झालं, दोन दिवस झालं, रोजच होऊ लागलं. शेवटी हंसराज एका दुपारी आरतीला गेलेच नाहीत. काठी घेऊन लपून बसले. मांजर आलं, त्याने भांड्याला तोंड लावलं आणि पाठीत काठी बसली.

त्यानंतर ते मशिदीत गेले तेव्हा बाबा जमलेल्या लोकांना सांगत होते, की इथे एक हट्टी माणूस आहे, त्याला आंबट खाऊन मरायचंय, आपण ते खाऊ देत नाही, म्हणून त्याने आज आपल्याला मारलं. आणि बाबांनी अंगावरचा वळ दाखवला. हंसराज काय ते समजले. भक्त पुढे असंही सांगतात, की दही सुटलं आणि त्यांचा दमा बराच हटला.

यातला चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार घ्यावा. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी काय उरतं ते बघा. आजाऱ्यासमोरचं दही पळवून ते मांजर त्या माणसाचं भलंच करत होतं. त्याला दिसला तो फक्त चोर. दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवणं काठीपेक्षा सोपं होतं, ते त्याने केलं नाही. मांजर पाळणाऱ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत हाच प्रसंग शंभर वेळा येतो. ओट्यावर चढलं, सोफा ओरबाडला, दुधात तोंड घातलं. मारलेलं मांजर कधीच सुधारत नाही. ओट्यावर चढू नये हे त्याला कळत नाही, तुमच्यापासून लांब राहावं एवढंच कळतं. झाकण ठेवायचं, नखं घासायला गोणपाटाचा खांब द्यायचा, चढायला उंच जागा द्यायची. आणि जाता जाता एक गैरसमज. मांजराला दूधच लागतं असं आपण धरून चालतो, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. त्याला खरं लागतं ते मांस किंवा मासळी. निव्वळ दूध-पोळीवर ठेवलेलं मांजर हळूहळू आजारी पडतं. घरात मांसाहार अजिबात चालत नसेल तर मांजर आणण्यापूर्वी त्याचा निकाल लावलेला बरा. कारण ही अडचण सगळ्या जातींना सारखीच आहे, कुठलीही ब्रीड निवडली तरी ती सुटत नाही.

बाबांकडे अशा गोष्टी एक-दोन नाहीत. बाबासाहेब तर्खडांची पत्नी शिर्डीत उतरली असताना जेवणाची ताटं वाढली आणि एक भुकेलं कुत्रं दाराशी आलं. बाईंनी उठून त्याला भाकरीचा तुकडा टाकला. मग चिखलाने माखलेलं एक डुक्कर आलं, त्यालाही दिलं. दुपारी मशिदीत गेल्यावर बाबांनी आज तिने आपल्याला पोटभर जेवू घातलं असं सांगितलं. कुत्रं, मांजर, डुक्कर, गाय, सगळ्यांत आपणच फिरतो, हे त्यांचं म्हणणं. लक्ष्मीबाई शिंदेंचंही तसंच. बाबांनी भूक लागली म्हटलं म्हणून ती माउली धावत घरी गेली, भाकरी करून आणली, आणि बाबांनी ती समोरच्या कुत्र्याला घालून टाकली. बाई नाराज झाली. तेव्हा मुकी जनावरं आपली भूक बोलून दाखवू शकत नाहीत हे तिला ऐकावं लागलं. त्यानंतर ती रोज बाबांसाठी जेवण पाठवू लागली.

आता खरेदीकडे वळू. बाबांनी जनावरं विकत घेतल्याची एक गोष्ट चरित्रात आहे, आणि ती गमतीची आहे.

लेंडीहून परत येताना बाबांना शेळ्यांचा कळप दिसला. त्यातल्या दोन शेळ्यांपाशी ते थांबले, त्यांना कुरवाळलं आणि बत्तीस रुपयांना दोन्ही विकत घेतल्या. बाजारभाव एका शेळीला फार तर तीन-चार रुपये. शामा म्हणजे माधवराव देशपांडे आणि तात्या कोते पाटील दोघंही चिडले. भर रस्त्यात कुणीतरी बाबांना गंडवलं असं त्यांना वाटलं. बाबा शांत. आपल्याला ना घर ना संसार, पैसा साठवून करायचं काय, असं ते म्हणाले. मग डाळ आणायला लावली, दोन्ही शेळ्यांना पोटभर खाऊ घातली आणि शेळ्या धनगराला परत करून टाकल्या. पैसे मागितले नाहीत. नंतर त्यांनी या शेळ्या पूर्वजन्मी भाऊ होत्या वगैरे कथा सांगितली, ती चरित्रात वाचायला मिळते.

शामाला आणि तात्याला खटकली ती किंमत. खरं तर लक्ष द्यावं असं शेवटचं पाऊल आहे. रस्त्यात जनावर दिसलं, जीव लागला, घेतलं, इथपर्यंत आपण सगळे जातो. पेट शॉपच्या काचेमागे सात आठवड्यांचं पिल्लू दिसलं की हेच होतं. पण बाबांना मशिदीत शेळ्या बांधायच्या नव्हत्या. त्यांची जागा कळपात होती, तिथे त्या गेल्या. भाड्याच्या खोलीत राहणारा, सकाळी आठला निघून रात्री नऊला येणारा माणूस पिल्लू घेतो तेव्हा हा हिशेब तो नंतर करतो. मग चार महिन्यांनी विनामूल्य देणे आहे असा स्टेटस लागतो. मांजर नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. आज कॉलेजात असलेल्या मुलीने आणलेलं पिल्लू तिच्या लग्नातही असेल आणि कदाचित तिच्या मुलाच्या शाळाप्रवेशालाही.

पिल्लू आईपासून लवकर तोडू नये हे सुद्धा इथेच सांगायला हवं. दोन महिन्यांच्या आत तर नाहीच, तीन महिने आईजवळ राहिलं तर उत्तम. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे त्याला आई आणि भावंडं शिकवतात. आपल्याकडे डोळे उघडले न उघडले की खोक्यात घालून वाटून टाकायची पद्धत आहे. अशी पिल्लं पुढे चावरी निघतात आणि खापर फुटतं जातीवर.

बाबांकडचा घोडा मात्र भेट म्हणून आला होता. कासम नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याची घोडी गाभण राहत नव्हती. पहिलं शिंगरू बाबांना द्यायचं असं तो बोलला होता आणि ते त्याने पाळलं. हाच श्यामसुंदर, काहीजण त्याला श्यामकर्ण म्हणतात. बाबा एका आड एक रात्र चावडीत झोपायला जात. 1909 पासून त्या वेळी मिरवणूक निघू लागली, तेव्हा हा घोडा शृंगारून पुढे चालायचा. मशिदीत बांधलेला नव्हता, पण त्याचं रोजचं खाणं, खरारा, निगा बघणारी माणसं होती. थोडक्यात, जनावर मोठं, तर माणसांची व्यवस्था आधी. मेन कूनचा बोका सात-आठ किलोपर्यंत भरतो, घरभर केस सांडतो, त्याचं खाणं देशी मांजराच्या दुप्पट. सियामी सडपातळ आणि हुशार, पण बोलघेवडी. ती दिवसभर तुमच्याशी मोठ्याने गप्पा मारणार आणि एकटी सोडली तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी रडणार. कुणाला हे आवडतं, कुणाचं डोकं उठतं.

देशी मांजराचं काय? त्याच्यातही स्वभाव वेगवेगळे असतात. एक मांडीवर येऊन पसरतं, दुसरं वर्षभर तीन फुटांवरून बघत राहतं. म्हणून पहिल्यांदा पाळणाऱ्याने रंग बघण्यापेक्षा थोडा वेळ काढावा. दाराशी, पार्किंगमध्ये, दुकानाच्या पायरीवर जे मांजर येतं त्याला आठवडाभर ठरलेल्या वेळी खायला द्यावं. ते जवळ येतं का, हात लावू देतं का, माणसाच्या आवाजाने पळतं का, हे आपोआप कळतं. थोडं मोठं मांजर घेण्यातला हा मोठा फायदा. पिल्लाचा स्वभाव पुढे काय होईल सांगता येत नाही, वर्षाच्या मांजराचा समोर दिसतो. मग जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. जंताचं औषध, मांजरांच्या तापाची एकत्रित लस, रेबीजची लस आणि साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी. भाटी वर्षातून दोन-तीनदा विते, दर खेपेला चार-पाच पिल्लं. कोळंब्याभोवती मांजरं वाढायची तेव्हा गावात धान्याची कोठारं होती आणि उंदीर भरपूर होते. आज फ्लॅटच्या जिन्यात वाढलेली पिल्लं कुणी पोत्यात घालून सोडून येतं. नसबंदीला नाक मुरडणाऱ्यांनी ती पोती एकदा बघावीत.

बाबांची शेवटची भेट एका पाळलेल्याच, पण साखळीतल्या जनावराशी झाली. 1918 सालची ही गोष्ट. काही दरवेशी एक वाघ घेऊन गावोगाव फिरायचे, त्याचा खेळ दाखवून पोट भरायचे. वाघ आजारी पडला. उपाय थकले तेव्हा त्याला साखळदंडांनी बांधून गाडीत घालून शिर्डीला आणलं. मशिदीच्या पायरीशी तो आला, बाबांकडे बघत राहिला, शेपटी आपटली आणि तिथेच कोसळून मेला. दरवेशांचं तर कमाईचं साधनच गेलं, ते रडले. मग बाबांच्या सांगण्यावरून त्याला शंकराच्या देवळासमोर पुरण्यात आलं. अंगणात वाघ ठेवण्याची हौस तेव्हा राजेरजवाड्यांनाही होती आणि भटक्या खेळवाल्यांचं त्यावर पोट होतं. आज त्याला कायद्याने बंदी आहे.

त्यानंतर आठवडाभरात, 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीच्या दुपारी बाबांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी कफनीच्या खिशात हात घालून आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये काढून दिले. ते दिले त्याच लक्ष्मीबाई शिंदेंना, जिची भाकरी कधीकाळी कुत्र्याने खाल्ली होती.

बाबांचा देह बुट्टीवाड्यात ठेवला गेला, तेच आजचं समाधी मंदिर. लाखो लोक तिथे रांगेत उभे राहतात आणि मग द्वारकामाईत जातात. वाघाची आणि घोड्याची मूर्ती तिथे दिसते, लोक फोटो काढतात. मांजराची मूर्ती कुणी केलेली नाही. पण शिर्डीच्या गल्ल्यांत, हॉटेलांच्या मागच्या दारांशी आणि प्रसादाच्या दुकानांखाली आखूड केसांची, लांब पायांची मांजरं आजही फिरतात, आणि कुणी काही टाकेल का म्हणून बघत बसतात.